अ‍ॅटलसने पेललं ते आकाश

वर एकांनी लिहिलंय की अ‍ॅटलसने पृथ्वी खांद्यावर घेतली, म्हणून नकाशांच्या पुस्तकाला त्याचं नाव पडलं. इथे एक दुरुस्ती हवी. ग्रीक कथेत झ्यूसने त्याला आकाश पेलायची शिक्षा दिली. पृथ्वी डोक्यावर घेणारा तो आपला शेषनाग! नकाशांच्या पुस्तकाला हे नाव दिलं ते नकाशाकार मर्केटरने; त्याचा नकाशासंग्रह १५९५ साली, तो गेल्यानंतर काही महिन्यांनी निघाला. त्यातला अ‍ॅटलस म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या प्राचीन मॉरिटानियाचा एक विद्वान राजा, असं त्यानेच लिहून ठेवलंय.

शनीचा एक चंद्र आणि मोरोक्कोतली पर्वतरांग यांनाही हेच नाव आहे. पण मला सगळ्यात चपखल वाटतो तो मानेतला. कण्याचा पहिला मणका म्हणजे अ‍ॅटलस, आख्खी कवटी त्याच्यावर टेकलेली. आपण ‘हो’ म्हणून मान हलवतो ती कवटी आणि अ‍ॅटलसमधल्या सांध्यात. ‘नाही’ म्हणताना अ‍ॅटलसच खालच्या मणक्यावर फिरतो.

आणि ठाणेकरांनो, पावसाळ्यात येऊरला गेलात तर झाडांची खोडं नीट बघा. दोन वर्षांपूर्वी मला तिथे अ‍ॅटलस पतंग दिसला होता. तांबूस-तपकिरी, पंख पसरले की जवळजवळ वीतभर, आणि पंखांची टोकं थेट सापाच्या तोंडासारखी. पंख फुटल्यावर हा पतंग काहीच खात नाही. अळी असताना साठवलेल्या चरबीवर जेमतेम एक-दोन आठवडे जगतो. दिसला तर कृपा करून हात लावू नका, लांबूनच फोटो काढा.