डब्यांच्या कामात नाम आणि नेम कसा बसवायचा?

पहाटपाळी:
घरगुती डब्यांचं काम आहे. रोज ४० डबे. पहाटे साडेचार ते साडेअकरा ओट्यापाशी, दुपारनंतर भाजी आणणं, निवडणं, हिशेब. घराला वारकरी वळण आहे, पण नेम टिकत नाही. पोळ्या लाटताना घेतलेलं नाम धरायचं का, कारण निम्मं लक्ष तव्याकडे असतं? हरिपाठ पूर्ण होत नसेल तर अर्धा म्हणावा का? आणि एकादशीच्या उपासात डब्यांची चव कशी बघायची? 'भाव महत्त्वाचा' एवढ्यावर सोडू नका, उद्यापासून करता येईल असं सांगा.

इंद्रायणीकाठ:
राम कृष्ण हरि, ताई. मी हरिपाठापुरतं सांगतो.

ज्ञानेश्वर महाराजांच्या हरिपाठाचे २७ अभंग. टाळ-मृदंगावर, प्रत्येक अभंगानंतर 'हरि मुखे म्हणा' घेऊन म्हटले तर पाऊण तास सहज जातो. घरी एकट्यानं, साध्या चालीत, ध्रुपद फक्त आरंभी आणि शेवटी घेतलं तर पंधरा-वीस मिनिटं पुरतात. तेवढीही सलग मिळत नसतील तर अर्धा म्हणून सोडू नका, नऊ-नऊ अभंगांचे तीन भाग करा. पहिले नऊ गॅस पेटवण्याआधी, पुढचे नऊ दुपारी भाजी निवडताना, शेवटचे नऊ दिवेलागणीला. एका भागाला सहा-सात मिनिटं. 'काळ वेळ नाम उच्चारिता नाही' हे याच हरिपाठात आहे, त्यामुळे संध्याकाळीच म्हणायला हवा ही अट मनातून काढून टाका.

भाजी निवडताना म्हणायचा तर पाठ हवा. तीन दिवसांना एक अभंग घेतला तर ८१ दिवसांत पूर्ण होतो. पाठांतरात घोळ होतो तो ठरलेल्या जागी. प्रचलित प्रतीत १६, १७, १८ हे तिन्ही अभंग 'हरि'नेच सुरू होतात (हरिबुद्धी, हरिपाठकीर्ति, हरिवंशपुराण), त्यातला एखादा हमखास गळतो. दुसरी फसगत १५ आणि २६ची. एक 'एक नाम हरि', दुसरा 'एक तत्त्व नाम'. पंधराव्याच्या जागी सव्विसावा तोंडात आला की पुढे थेट सत्ताविसावा येतो आणि मधले दहा-अकरा अभंग राहून जातात. म्हणून अभंगांच्या आधी त्यांच्या पहिल्या शब्दांची साखळी पाठ करा: देवाचिये, चहूं वेदीं, त्रिगुण, भावेंवीण, योगयाग… अशी सत्ताविसापर्यंत. साखळी पक्की झाली की मध्ये फोन वाजला तरी परत नेमकं तिथूनच उचलता येतं.

आरणकर:
पोळ्या आणि नामाबद्दल. जनाबाई दळता-कांडता गात होत्या हे आपण नेहमी ऐकतो, पण त्यातली कामाची निवड लक्षात घ्या. जात्याला हात लागतात, ताल लागतो, जीभ मात्र मोकळी असते. तुमची कामं याच कसोटीवर वेगळी करा. कणीक मळणं, पोळ्या लाटणं, मटार सोलणं, भांडी विसळणं: इथे नाम चालतं. मीठ-तिखट मोजणं, डबे भरून नावं जुळवणं, तळणीपाशी उभं राहणं: इथे नाम थांबवा, बिनघोर थांबवा. चाळीसांत कुणाचा बिनकांद्याचा डबा असेल आणि तो चुकला, तर त्या माणसाला दिवसभर उपाशी बसावं लागेल.

लाटताना नामाची गती लाटण्यावर सोडा. एका पोळीला 'राम कृष्ण हरि' आठ-दहा वेळा होतं. मुद्दाम भरभर म्हटलं की तासाभरात घसा सुकतो, शब्द गिळले जातात, मग नुसती पुटपुट उरते आणि तीच सवय लागते. पोळी तव्यावर टाकताना लक्ष जाणारच. ते जाऊ द्या, उंडा हातात आला की पुन्हा नाम सुरू. प्रत्येक नवा उंडा हीच आठवणीची खूण ठरवून ठेवली की वेगळा प्रयत्न लागत नाही. निम्मं लक्ष तव्याकडे असलं म्हणून नाम खोटं ठरत नाही. 'असोनि संसारीं जिव्हे वेगु करीं' हे संसार सोडलेल्यांसाठी लिहिलेलंच नाही.

आता मला जास्त महत्त्वाची वाटणारी गोष्ट. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात सर्वात्मक ईश्वराची पूजा 'स्वकर्मकुसुमांनी' करायला सांगितली आहे. तुमच्या कामात ही फुलं कोणती, ते नेमकं ठरवा. डाळ खडे बघून घेणं, तळलेलं तेल काळं पडलं की टाकून देणं, कालचा भात आज डब्यात न घालणं, शेवटच्या डब्यातली पोळी पहिल्याइतकीच मोठी ठेवणं. यातली रोज एकच गोष्ट जाणून करा. सावता महाराजांचा मळा हा असाच विठोबा होता: आधी भाजी नीट पिकली पाहिजे. तोंडानं नाम आणि पातेल्यात कालची आमटी, याला परमार्थ म्हणता येणार नाही.

आणि गोरोबाकाकांची कथा आठवा. चिखल तुडवताना देहभान हरपलं आणि लेकरू पायाखाली आलं. उकळत्या तेलाशी ती तल्लीनता नको.

टाळकरी:
आरणकर, बाकी सगळं मान्य. पण गोरोबांची कथा सावधगिरीचा इशारा म्हणून सांगितली जात नाही. ती भक्तीच्या टोकाची कथा आहे आणि कीर्तनात शेवट लेकरू परत मिळण्यानं होतो. तळणीचं भान हवं हे खरंच, त्यासाठी काकांना साक्षीला बोलवायची गरज नाही.

माळेबद्दल कुणी बोललं नाही. ओल्या, पिठाळ हातांनी जपमाळ धरू नका; दोऱ्यात पीठ बसतं, दोरा कुजतो आणि मणी ओघळतात. ओट्यापाशी मोजणी नकोच. बस-रिक्षात मोजायचं तर करमाळ बरी: अनामिकेच्या मधल्या पेरापासून खाली, करंगळीची तिन्ही पेरं वर, मग अनामिका आणि मधल्या बोटाची वरची पेरं, शेवटी तर्जनी वरून खाली. दहा झाले. मधल्या बोटाची उरलेली दोन पेरं म्हणजे मेरू, तो ओलांडायचा नाही. निवांत बसलात तर १०८ची एक माळ चार-पाच मिनिटांत होते.

तुळशीवृंदावन:
चवीचा प्रश्न एकादशीपुरता नाही, ताई. नैवेद्य दाखवायचा तर रोजच चाखता येत नाही. त्यामुळे मीठ वजनावर आणा, दोन्ही अडचणी एकदम सुटतात. चिमटी-मुठीच्या अंदाजावर नाही, एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर. एक किलो तूरडाळीची साधारण साडेपाच लिटर आमटी होते, तिला ४५ ते ५० ग्रॅम मीठ. एक किलो कणकेला १० ग्रॅम, आणि त्यात मध्यम आकाराच्या ३५-४० पोळ्या होतात. चिंच-गूळ जास्त असेल तर मीठ कमी लागल्यासारखं वाटतं, म्हणून तेही मोजूनच घाला. नाहीतर काटा बरोबर असूनही चव रोज हलते.

नैवेद्याला पाच मिनिटं लागतात. डबे भरण्याआधी प्रत्येक पदार्थातला पहिला वाढा छोट्या ताटलीत, खाली पाण्याचं चौकोनी मंडल, वर तुळशीपत्र. मग तो प्रसाद स्वच्छ डावानं ज्याच्या त्याच्या पातेल्यात मिसळायचा, तुळस आठवणीनं काढून. असं केलं की चाळीसही डब्यांत प्रसादच जातो. द्वादशीला तुळस तोडत नाहीत, तेव्हा एकादशीला दोन पानं जास्त काढून ठेवा. तुळस शिळी मानत नाहीत.

पहाटपाळी:
नऊ-नऊचे भाग आणि काटा, दोन्ही उद्यापासून. पालेभाजीला मीठ किती धरायचं? ती शिजून खूप बसते.

तुळशीवृंदावन:
म्हणूनच कच्च्या वजनावर धरू नका. शिजून पाणी आटलं की पातेल्यासकट वजन करा, रिकाम्या पातेल्याचं वजा करा आणि उरलेल्या किलोला ९-१० ग्रॅम मीठ शेवटी घाला. रिकाम्या पातेल्यांची वजनं एकदाच करून झाकणांवर मार्करनं लिहून ठेवा.