अनुभव: कल्पनांचा ढीग पडल्यावर पुढे काय केलंत?

आज बैठक संपल्यावर एक सहकारी भिंतीवरच्या चिठ्ठ्या काढत होती, ते बघून जुन्या टीमची आठवण आली. आम्ही वाचनालय सुरू करणार होतो. विचारमंथन जोरात झालं, भिंत भरून गेली. एका चिठ्ठीवर नुसतं 'मुलांसाठी काहीतरी'. सगळे मतदानाला उतावीळ, पण आमच्या समन्वयक ताईंनी थांबवलं. म्हणाल्या, आधी प्रत्येक चिठ्ठी एका वाक्यात सांगा: कोणासाठी, काय करायचं, त्याने काय बदलेल. त्या एका चिठ्ठीतून तीन वेगळ्या गोष्टी निघाल्या! कुणाला गोष्टींचा तास हवा होता, कुणाला जमिनीवर बसून वाचायची जागा, तर कुणाला शाळा सुटल्यावर उघडं राहणारं वाचनालय. शेवटी तिसरी कल्पना निवडली. तसंच मतदान झालं असतं तर आपण कशाला मत दिलं हेच कुणाला कळलं नसतं.

तुमचे अनुभव लिहा ना.

*

+१ ताईंना. 'जागरूकता', 'संवाद' असल्या चिठ्ठ्यांना कायम भरघोस मतं पडतात, विरोध कोण करणार! आमच्याकडे आता क्रियापद नसलेली चिठ्ठी परत लिहायला देतात.

*

बाळ उठलं, नंतर सविस्तर लिहिते.

*

ठिपके चिकटवून मतदान करत असाल तर साहेबांना शेवटी लावायला सांगा. त्यांचा ठिपका पडला की बाकीचे त्याच्याच शेजारी. आम्ही आधी आपापल्या वहीत निवड लिहितो, मग सगळे एकदम उठून चिकटवतात. निकाल खरंच बदलतो.

*

जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांची पद्धत करून बघा. चिठ्ठ्या पसरायच्या, जवळच्या वाटतील त्या एकत्र आणायच्या आणि गटाला नाव सगळ्यात शेवटी द्यायचं. लोक आधीच 'खर्च', 'प्रचार' असे रकाने आखतात, मग कशातच न बसणारी चिठ्ठी बाजूला पडते. बऱ्याचदा तीच कामाची असते.

*

जुन्या नोकरीत माझी चिठ्ठी 'सारखीच आहे' म्हणून दुसरीच्या खाली चिकटवली. सारखी नव्हती. नंतर कुणी वाचलीच नाही. अजून लागतं ते.

*

वाईट वाटलं वाचून. लिहिणाऱ्याला विचारल्याशिवाय दोन चिठ्ठ्या एक करायच्याच नाहीत, हा नियमच हवा.

*

जरा अवांतर, चिठ्ठ्या भिंतीवरून पडतात त्याला काय करता? आमच्या निम्म्या दुसऱ्या दिवशी जमिनीवर.

*

गठ्ठ्यातून वर उचलून काढू नका, कड वळते. बाजूने सोलल्यासारखी काढा. आणि भिंतीचा फोटो आधी!

*

विचारमंथनाची पद्धत रूढ करणारे ॲलेक्स ऑस्बर्न जाहिरात क्षेत्रातले. टीका करूच नका असं त्यांचं म्हणणं नव्हतं, ती पुढे ढकला असं होतं. लोक पहिला भाग आनंदाने पाळतात आणि छाननीच्या वेळी घरी जातात. १९५८ साली येल विद्यापीठातल्या प्रयोगात तर एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा वेगवेगळे बसून विचार करणाऱ्या चौघांच्या मिळून जास्त कल्पना निघाल्या होत्या. त्यामुळे सुचण्याचं काम एकेकट्याने करून, एकत्र बसण्याचा वेळ निवडीला द्यावा असं माझं ठाम मत आहे.

*

फोटोची टीप घेतली, धन्यवाद! सोलून काढलेल्या चिठ्ठ्या भिंतीवर टिकल्या.

*

आले परत, बाळ झोपलं. आम्ही फळ्यावर एक आडवी आणि एक उभी रेघ मारतो, एकीवर मेहनत, दुसरीवर उपयोग. एका चिठ्ठीवरून भांडण जुंपलं, हिशेब ठेवणारा म्हणे सोपं आहे, काम करणारी म्हणे डोंगराएवढं. खोदून विचारलं तर त्याच्या मते एकदाच माहिती गोळा करायची होती, तिच्या मते दर आठवड्याला. चिठ्ठी फाडून दोन लिहिल्या. सोपी लगेच सुरू झाली, दुसरी 'सध्या नाही' लिहिलेल्या कागदावर तारखेसकट गेली. तारीख लिहाच, नाहीतर त्या कागदाकडे कुणी वळून बघत नाही.