फोन रोख, हप्त्यावर की भाड्यानं? आपापले अनुभव सांगा

गोदाकाठ: काल धाकटी म्हणाली, बाबा, आता फोन भाड्यानं पण मिळायलेत, दोन वर्षं वापरायचा नि परत द्यायचा. ऐकलं आणि 2020 चा जून आठवला. शाळा बंद, दोन लेकरं, घरात एक बटनाचा फोन, पेरणी तोंडावर. हातात होतं ते बी-खतात गेलं, म्हणून फोन हप्त्यावर घेतला. "बिनव्याजी" म्हणले होते. फाईल चार्ज वेगळा निघाला. ऑक्टोबरात काढणीला आलेलं सोयाबीन पावसात गेलं अन् हप्ता चुकला. फायनान्सचा दंड वेगळा, बँकेचा वेगळा. दोन दंड लागतेत हे तवा कळलं. पण थोरलीनं दहावी त्याच फोनवर केली. तुम्ही कसं ठरवलं?

नांदेडची काकू: दहावीला किती पडले ओ लेकराला?

हिशोबवाला, लातूर: क्रेडिट कार्डावरच्या नो कॉस्ट, म्हणजे बिनव्याजी हप्त्यामध्ये व्याजाएवढी सूट आधीच वजा करतात, पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आपणच भरतो. शिवाय प्रोसेसिंग फी. रोखीनं किती कमी कराल, हे आधी विचारा. हप्ता चुकला की सिबिलला, म्हणजे कर्जफेडीच्या रेकॉर्डला नोंद होते, उद्या ट्रॅक्टरचं कर्ज काढताना तेच पुढं येतं. दादा, हे सगळे चार्ज लिहून घेत जा.

बालाघाटी: आमचे आई-बाप ऊसतोडीला कारखान्यावर जातेत. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे आले त्याच दिवशी आईला रोखीनं फोन घेतला, साधाच. उचल म्हणजे डोक्यावर आधीच कर्ज, त्यावर आणिक हप्ता नको वाटला. सहा महिने आजीजवळ राहतो आम्ही. रात्री तिथल्या कोपीवरून, म्हणजे झोपडीतून आईचा व्हिडिओ कॉल येतो, धाकटा तिला बघितल्याशिवाय झोपत नाही.

नांदेडची काकू: बाळा, डोळ्यात पाणी आलं रे. जपून राहा सगळे.

जुनाच बरा: जुना घेणाऱ्यांनी बिल अन् खोका घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. मी ओळखीवर घेतला, महिन्यात बंद पडला, चोरीचा निघाला. आता *#06# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर काढतो अन् 14422 वर केवायएम (KYM) लिहून, पुढं तो नंबर टाकून मेसेज करतो. ब्लॅकलिस्टला असला तर कळतं.

परभणीकर, सध्या पुणे: मला कंपनीतून लीजवर आहे. भाडं पगारातून कापतात. मुदत संपली की परत करायचा, नाहीतर ठरलेली रक्कम भरून ठेवायचा. स्क्रीन फुटली तर भरपाई माझ्याकडून. आबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे मक्त्याचं रान." दरवर्षी नवा लागतो त्याला परवडत असेल. पण आमच्या घरी माझा जुना फोन आईकडं जातो, आईचा आबांकडं. आबा त्याच्यावर बाजारभाव बघतात, हरिपाठ ऐकतात. मी परत केला तर आबांपर्यंत काय पोचणार? पुढचा विकतच घेणार, पैसे साठवून.

टाकीवरचा: आमच्याकडं रेंजच नाही. ई-पीक पाहणीला, म्हणजे पिकाच्या सरकारी नोंदीला फोटो काढायचा रानात अन् अपलोड करायला यायचं फाट्यावर. तुमच्या शिवारात कुणाची रेंज धरती?

गोदाकाठ: काकू, 87 टक्के पडले. आता नर्सिंगला आहे. बालाघाटी, आजीला फोन चालवता येतो का?

बालाघाटी: हाव, उचलता येतो. लावायला शिकवायलोय.