अनुभव धागा : कॅक्टस-सक्युलंटसाठी (पानांत-खोडांत पाणी साठवणाऱ्या झाडांसाठी) घरची माती, तुमचं मिश्रण कसं असतं?

प्रमाण लिहाच, पण त्यासोबत गाव, कुंडी मातीची की प्लास्टिकची आणि पाऊस थेट पडतो का, हेही लिहा. सोलापुरात चालणारं मिश्रण रत्नागिरीत मुळं कुजवतं. काही बिघडलं असेल तर त्याचं कारणही लिहा.

पुणे, गच्ची, मातीच्या कुंड्या
माप घमेल्याचं. विटांचा चुरा 3, धुतलेली जाड क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) 2, चाळलेलं जुनं शेणखत 1. एवढंच.

खरं काम चाळण्यात आहे. पक्क्या भाजलेल्या विटा गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडायच्या. चुरा आधी वाळूच्या चाळणीतून काढायचा, म्हणजे मोठे तुकडे वर राहतात आणि ते पुन्हा फोडता येतात. खाली पडलेला माल रव्याच्या चाळणीने परत चाळायचा. या वेळी खाली पडणारं पीठ बाजूला काढायचं आणि चाळणीत राहिलेलं वापरायचं. कण गव्हाएवढा ते हरभऱ्याएवढा हवा. मग बादलीत घालून लाल पाणी जाईपर्यंत धुवायचं आणि दोन दिवस उन्हात वाळवायचं. क्रश सँडलाही हीच शिक्षा, कारण तिच्यात दगडाचं पीठ भरपूर असतं.

पीठ राहिलं तर प्रत्येक पाण्याबरोबर ते खाली सरकतं, कणांमधल्या फटी बुजवतं आणि तळाशी चिखलाचा थर बसतो. वरची माती कोरडी दिसते, खाली मुळांना हवा मिळत नाही. प्रमाण थोडं चुकलं तरी झाड तगतं. पीठ राहिलं तर तगत नाही.

नाशिक
विटांबद्दल पुस्ती. पाडलेल्या घराच्या विटा घेतल्या तर प्लास्टर पूर्ण खरवडून काढा. चुना-सिमेंटमुळे माती अल्कधर्मी होते, झाडाला लोह घेता येत नाही आणि नवी वाढ पिवळट येते. शंका आली तर तुकड्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. फेस आला तर चुना आहे. फिकट, कच्च्या विटाही नकोत. तुकडा रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी बोटांनी चोळा. हाताला गाळ लागला तर ती वीट वर्षभरात कुंडीतही विरघळणार.

रत्नागिरी
आमच्याकडे वीट महाग आणि जांभा दारात. चिरे तासताना पडणाऱ्या कपच्या फोडून, वर सांगितल्याप्रमाणे चाळून आणि धुऊन वापराव्यात. दगड सच्छिद्र आहे, पण त्याचा भुगा म्हणजे निव्वळ लाल चिखल, त्यामुळे इथे धुणं दुप्पट. कपच्या 4, जाड नदीची वाळू 1, खत अर्धा भाग. किनाऱ्यावरची वाळू कितीही धुतली तरी घेऊ नका. मीठ निघेल, शिंपल्यांचा चुना राहील.

आणि जून ते सप्टेंबर कुंड्या छपराखालीच. चार महिन्यांची संततधार झेलेल असं मिश्रण नाही.

अकोला
काळी माती मूठभरसुद्धा घालू नये. ओली झाली की फुगते, वाळली की भेगा पडतात आणि त्या भेगांत बारीक मुळं तुटतात. तिच्याऐवजी चाळलेला मुरूम. मात्र इथल्या एप्रिल-मेच्या उन्हात पुण्याचं मिश्रण प्लास्टिकच्या लहान कुंडीतही फार लवकर वाळतं. म्हणून मुरूम 3, विटांचा चुरा 1, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) 1, खत 1, आणि वर सावलीसाठी हिरवी जाळी.

ठाणे, बाल्कनी
कोकोपीट वापरणाऱ्यांनी ते दोन-तीन पाण्यांनी धुवावं, त्यात क्षार असतात. पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको. ते पूर्ण वाळलं की पाणी शोषत नाही, पाणी कडेने निसटून जातं.

नर्सरीतून आणलेल्या रोपाच्या मुळांभोवती कोकोपीटचा घट्ट गोळा असतो. तो तसाच ठेवून भोवती खडीदार माती भरली की पाणी खडीतून निघून जातं, गोळा आत ठणठणीत कोरडा राहतो. पाणी घालूनही रोप सुरकुततं ते यामुळे. गोळा अर्धा तास पाण्यात भिजवावा, काडीने हलकेच मोकळा करावा आणि मुळं तीन-चार दिवस सावलीत सुकवून मगच लावावं.

कोल्हापूर
ब्रह्मकमळाला वरचं कुठलंच मिश्रण देऊ नका. आपण कुंडीत लावतो ते ब्रह्मकमळ कॅक्टसच, पण मेक्सिको-मध्य अमेरिकेच्या जंगलांत झाडांवर वाढणारं. त्याला पालापाचोळ्याचं खत 2, कोकोपीट 1, विटांचा चुरा 1, कोळशाचे तुकडे 1 आणि सकाळचं कोवळं ऊन.

पुणे, दुसरी गच्ची
तळाशी खडीचा थर देऊ नका. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही, थराच्या वरच अडून राहतं. म्हणजे ओला भाग मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा पुरे, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच मिश्रण.

सातारा
निंबोळी पेंड घमेल्याला एकच मूठ. जास्त झाली आणि लगेच पाणी घातलं की पांढरी बुरशी धरते. कुंडी बदलताना मुळांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो मुळांवरचा पिठ्या ढेकूण. जुनी माती पूर्ण झटकून मुळं धुवा, ती माती पुन्हा वापरू नका. कोरड्या मिश्रणात लावून पहिलं पाणी आठवड्याने द्या, तोवर तुटलेल्या मुळांच्या जखमा भरतात.

नागपूर
झाड लावण्याआधी नुसती माती तपासता येते. सहा इंची कुंडी मिश्रणाने भरा, भरपूर पाणी घाला, निथळल्यावर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून आकडा लिहा. रोज वजन करा. हिवाळ्यात पाच-सहा दिवसांत वजन उतरायचं थांबलं तर मिश्रण बरोबर. दहाव्या दिवशीही उतरतच असेल तर खत कमी करू नका, आधी पुन्हा चाळा.