लोरेंझो तान्यादा आणि फिलिपिन्समधील अमेरिकी लष्करी तळ

वाटसरू (प्रश्न):
सुबिकचा नौदल तळ अमेरिकेला आणखी दहा वर्षे वापरू देणारा करार फिलिपिन्सच्या सिनेटने १६ सप्टेंबर १९९१ रोजी १२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळला. त्याचे श्रेय अनेक जण तेव्हा सिनेटमध्ये नसलेल्या लोरेंझो तान्यादा यांना का देतात? आणि केवळ एका मताने हा निकाल लागला, हे खरे आहे का?

शमी:
एका मताची गोष्ट रंजक असली तरी खरी नाही. करार मंजूर होण्यासाठी दोनतृतीयांश, म्हणजे २४ पैकी १६ सदस्यांचा पाठिंबा आवश्यक होता. सभापती जोव्हितो सालोंगा यांनी विरोधात मत दिले नसते, तरीही करार पडलाच असता.

कृष्णाकाठ:
तान्यादा (१८९८-१९९२) १९४७ ते १९७१ अशी सलग २४ वर्षे सिनेटर होते. त्यांच्या आयुष्यातील मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग क्लारो रेक्तो यांच्याशी निगडित आहे. महायुद्धानंतर जपान्यांशी सहकार्य केल्याच्या आरोपावरून जे खटले चालले, त्यांत तान्यादा सरकारी वकिलांचे प्रमुख होते आणि रेक्तो आरोपींपैकी एक होते; पुढे हेच रेक्तो अमेरिकी तळांचे कठोर टीकाकार झाले आणि १९५७ च्या निवडणुकीत ते अध्यक्षपदासाठी, तर तान्यादा उपाध्यक्षपदासाठी एकत्र उभे राहिले. दोघेही हरले, परंतु रेक्तो १९६० मध्ये वारल्यानंतरही तान्यादांनी तो मुद्दा सोडला नाही. मतदानाच्या दिवशी ९३ वर्षांचे तान्यादा चाकांच्या खुर्चीतून सिनेटमध्ये आले होते आणि विरोधात मत देणाऱ्या बारा जणांत त्यांचे पुत्र विगबेर्तो होते.

वाटसरू:
मग हा विरोध अमेरिकाद्वेषातून आला होता का?

कृष्णाकाठ:
तसे म्हणता येणार नाही. तान्यादा स्वतः हार्वर्डमध्ये कायदा शिकले होते. १९४७ चा मूळ करार ९९ वर्षांचा होता (१९६६ मध्ये ती मुदत कमी करून १९९१ पर्यंत आणली गेली) आणि तळांवर घडणाऱ्या बहुतेक गुन्ह्यांचा न्यायाधिकार त्याने अमेरिकेकडे दिला होता. सरकारी वकील राहिलेल्या माणसाला हे सलणारच, असे माझे मत आहे.

शमी:
श्रेय देताना परिस्थितीही पाहावी. जून १९९१ मधील पिनातुबो ज्वालामुखीच्या उद्रेकाने अमेरिकेचा क्लार्क हवाई तळ आधीच निकामी केला होता आणि शीतयुद्ध संपत आले होते. मात्र अध्यक्षा कोराझॉन अक्विनो स्वतः कराराच्या बाजूने रस्त्यावर उतरल्या असताना बारा सिनेटर ठाम राहिले, ते तान्यादांसारख्यांनी अनेक दशके जनमत घडवल्यामुळेच. अमेरिकी नौदलाने नोव्हेंबर १९९२ मध्ये सुबिक सोडले. पण १९९९ मध्ये सिनेटनेच अमेरिकी सैन्याच्या भेटींसाठीच्या कराराला मान्यता दिली, तेव्हा तान्यादा हयात नव्हते.