दोन फुटांचं फडताळ आणि दोन पोती ज्वारी: तुमच्याकडं कसं बसवता?

कडकभाकरी
जुळे सोलापुरात वन बीएचके घेतलाय. ओटा सोडला तर किचनमध्ये एकच भिंत, तिच्यात दोन फूट रुंदीचं फडताळ. आणि सासऱ्यांनी दरवर्षीप्रमाणं मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी पाठवून दिली, 50 किलोची दोन पोती! सध्या ती हॉलमध्ये सोफ्यामागं उभी आहेत, कुणी आलं की वर चादर टाकते (चादरीला काय तोटा आपल्याकडं). व्हिडिओत सगळे काचेच्या बरण्या अन् लेबलं दाखवतात, शंभर किलो ज्वारी कुठं ठेवायची ते कुणी दाखवत नाही. तुमचे अनुभव लिहा की ओ. रोजच्या वापरातले लिहा, फोटोपुरते नको.

साखरपेठ_माडीवरची
ताई, गोल पिंप अजिबात घेऊ नका. आमच्याकडं दोन खोल्या अन् सात माणसं होती, तेव्हा सासूबाईंनी गोल कोठी काढून टाकली आणि किराणा दुकानातनं तेलाचे 15 किलोचे रिकामे पत्र्याचे डबे आणले, झाकण बसवून मिळतात ते. चौकोनी असल्यामुळं एकाला एक चिकटून बसतात, मधी बोटभर जागा वाया जात नाही. एका डब्यात 12 किलोच्या आसपास ज्वारी मावते. ओळीनं मांडून वर फळी टाकली, फळीवर गोधडी, त्याच्यावर बसून आम्ही भाज्या निवडतो. फक्त आणल्यावर सोड्याच्या कढत पाण्यानं दोनदा धुवा आणि दोन दिवस उन्हात उघडे टाका, माझ्या जावेनं घाई केली तर वर्षभर भाकरीला तेलाचा वास. खाली विटा ठेवायला विसरू नका, फरशीची ओल पत्र्याला धरते.

लष्करातला_एकटा
मी एकटाच राहतो त्यामुळं पोत्याचा प्रश्न नाही, माझा प्रश्न शेंगा चटणीचा. घरनं आई किलोभर देते. गॅसच्या वरची फळी हाताशी येते म्हणून तिथंच डबा ठेवायचो. मे महिन्यात बाहेर 42-43, त्यात खाली गॅस, पंधरा दिवसांत चटणी खवट, आणि आईला वाटलं आपण वापरलेले दाणेच जुने. नंतर कळलं की दाणे, खोबरं, तीळ, कारळं ही सगळी तेलाची मंडळी, ऊन, हवा, उजेड काहीच सोसत नाही. कुटली की अजूनच लवकर जातात. आता चटणी दोन डब्यांत, लहान डबा बाहेर, मोठा फ्रीजमध्ये. गॅसवरच्या फळीवर मीठ, साखर अन् माचिस. बास.

विजापूररोड_वहिनी
किडीबद्दल कुणीच लिहिलं नाही? माझी मटकीची बरणी घट्ट झाकणाची, तरी उघडली तर आत भुंगे चालायलेत. मी दुकानदाराशी भांडून आले, बिचारा गप्प ऐकून घेतला. मग शेतावरचा भाऊ म्हणला, अगं अंडी शेतातच शेंगेवर घातलेली असतात, ती कडधान्याबरोबर घरात येतात, तुझं झाकण काय करणार. तेव्हापासनं मटकी, हुलगा, चवळी आणली की आधी आठवडाभर फ्रीजरमध्ये आणि मगच बरणीत. तूरडाळीला किलोला छोटा चमचाभर एरंडेल चोळते, ते आईचंच. आणि वर्षाचं घेणं बंद केलं. महिन्याला पाव-अर्धा किलो, दुकान खालीच आहे, साठवण त्यालाच करू दे की!

साखरपेठ_माडीवरची
वहिनी बरोबर. पण ज्वारीत वाळलेला कडुलिंबाचा पाला टाकायचा, आणि पोत्यात टाकायच्या त्या गॅसच्या गोळ्या घरात चुकूनसुद्धा नको. विषारी वायू सुटतो त्यातनं, बंद खोलीत माणूस दगावतो.

अशोकचौक
माझी फजिती ऐका. ऑनलाइन सेलमध्ये एकसारखे 24 पारदर्शक डबे घेतले, रविवारभर बसून मराठीत लेबलं चिकटवली. आमची आई तेलुगू वाचते, मराठी बोलते झकास पण वाचायचं म्हटलं की चष्मा शोध. तिनं एकही लेबल वाचलं नाही, झाकण उघडून वास घेते अन् काम चालू. लेबल माझ्यासाठी होतं हे मला उशिरा कळलं बे. दुसरं, डबा म्हणे एक किलोचा. साखर बसते ओ, पोहे कुठं बसायलेत एक किलो? उरलेले पोहे रबर लावून पिशवीत, रवा पिशवीत, डाळं पिशवीत, आणि डब्यांच्या मागं त्या पिशव्यांचं दुसरं दुकान तयार झालं. आता 24 पैकी 9 वापरात आहेत. बाकी आईनं शेजाऱ्यांना चकल्या भरून वाटले, एक परत आला नाही.

विडीघरकुल
पाण्याचं पण लिहा की. आमच्याकडं नळ चार-चार दिवसांनी, ओट्याखाली सगळी जागा पिंपाची अन् घागरींची. तिथंच शेजारी कडक भाकरीचा डबा होता, सगळ्या मऊ पडल्या, पापडासारख्या मोडायच्या त्या चपातीसारख्या वाकायला लागल्या. आता भाकरी, पापड, कुरडया माळ्यावर. चढायला स्टूल लागतं म्हणून पोरं पण कमी खातात, हा फायदा ध्यानात नव्हता.

कडकभाकरी
केलं बरं का! वाण्याकडनं आठ डबे आणले, सोड्यानं धुतले, गच्चीवर वाळवले, सोफ्यामागं विटांवर ओळीनं बसले अन् वर फळी. सासरे फोनवर म्हणले, सोफा कशाला मग, तो विका. आठ डबे भरून चार किलो ज्वारी उरली, ती आजच गिरणीत टाकून आले.