'फिलोने'ला मराठीत काय म्हणावं?

माळरान: स्मरणिकेसाठी इटालियन विज्ञानपटांवरच्या लेखाचा अनुवाद करतोय. हॉलिवूडचा चित्रपट चालला की तिथले निर्माते थोडक्या पैशात तसेच काढत. 'स्टार वॉर्स' १९७७ चा. पाठोपाठ लुइजी कोत्सींचा 'स्टारक्रॅश'. 'एलियन' १९७९ चा. लगेच १९८० त त्यांचाच 'कंटॅमिनेशन'. अशा रांगेला तिकडे 'फिलोने' म्हणतात, म्हणजे खाणीतली धातूची शीर. मी 'नकलपट' लिहिलं, संपादकांनी 'अनुकृतिपट' केलं. दुसरं काही सुचतंय?

वरणफळ: गल्लाभरू! शब्द तयार आहे की.

माळरान: गल्ला तर 'स्टार वॉर्स'नेही भरला.

शिरस्तेदार: 'नकलपट'च ठेवा. सातबाराची नक्कल काढतो त्यात कुठे कमीपणा असतो? नक्कल म्हणजे मुळाबरहुकूम प्रत.

कोरांटी: तिथेच अडतं, शिरस्तेदार. 'कंटॅमिनेशन'मध्ये अवकाशयानाऐवजी न्यूयॉर्कच्या बंदरात लागलेलं जहाज आहे. कॉफीच्या खोक्यांत हिरवी अंडी, ती फुटली की जवळच्या माणसाची छाती फुटते. 'एलियन'मधून अंडी आणि छाती घेतली, बाकी कथा वेगळी. याला मी 'बेतलेला' म्हणेन. शिंपी कापड बेततो तसा.

शुद्धमती: 'अनुकृती'त वाईट काय आहे? नक्कल अरबी, गल्ला फारसी. आपले शब्द असताना उसने कशाला?

वरणफळ: शुद्धमती, नक्कल माझ्या आजीच्या तोंडी होती. अनुकृती मी फक्त परीक्षेच्या पेपरात लिहिलाय.

खलबत्ता: काहींना तर 'तोतया'च शोभेल. ब्रूनो मात्तेईंचा 'शॉकिंग डार्क' इटलीत १९८९ साली चक्क 'टर्मिनेटर २' नावानं लागला.

कोरांटी: कॅमरनचा 'टर्मिनेटर २' १९९१ चा. खऱ्याच्या आधी तोतया कसा येईल?

खलबत्ता: पहिला 'टर्मिनेटर' १९८४ चा होताच ना! नाव त्याचं लावलं, आत व्हेनिसखालच्या भुयारातले राक्षस. भाऊसाहेबांचा तोतयाही पानिपतानंतर, खरे भाऊ नसतानाच उभा राहिला.

शिरस्तेदार: त्याला १७७६ त देहदंड झाला. या चित्रपटांनी असं काय केलंय? 'स्टारक्रॅश'ला बाँडपटांचे संगीतकार जॉन बॅरी यांचं संगीत आहे, ते ऐका एकदा.

कोरांटी: शिवाय इटलीच्याच मारिओ बाव्हांच्या १९६५ च्या अवकाशपटात ओसाड यानात महाकाय सांगाडा दिसतो. 'एलियन'मध्येही दिसतो, चौदा वर्षांनी. मग बेतलं कोणी?

माळरान: म्हणूनच मला दोषारोप नसलेला शब्द हवाय. 'लाट' चालेल का? तमाशापटांची लाट म्हणतोच आपण.

वरणफळ: लाट ओसरते हेही त्यात येतं. चांगला आहे.

कोरांटी: पण लाट आपोआप येते. हे लोक सोनं लागलं तिथेच, संपेपर्यंत खणत होते. सरळ 'शीर' लिहा.

शुद्धमती: 'शीर' चालेल. संस्कृत शिरा.

वरणफळ: 'शिरपट' म्हणून बघा मोठ्यानं.

खलबत्ता: तोतया मूळचा कनोजा ब्राह्मण होता असं वाचलंय. कुणाकडे बखरीतला उतारा आहे का?